हरी राऊतांच्या घरातला मिशाळ मासा

हरी राऊत पोफळीवरून पडले ते एकोणीसशे अठ्ठावन्न साली, सुपारी उतरवायच्या दिवसांत. चौलात त्यांच्यासारखा चढणारा नव्हता. एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरी धरायचे आणि खाली उतरायचे ते थेट वाडीच्या टोकाला. त्या दिवशी धरलेली पोफळ आतून किडलेली निघाली. अलिबागच्या इस्पितळात कमरेपासून प्लास्टर घातलं. ते काढलं तेव्हा उजवा पाय आखडला होता. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं चाला. हरीभाऊंनी घरी येऊन भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. वाडीचं सगळं त्यांची बायको अंबिका बघू लागली.

हरीभाऊंच्या बहिणीचे यजमान बाळाजीराव मुंबईला गोदीत कारकून होते. काचेच्या पेटीत मासे पाळायचा त्यांना नाद. तसली एक पेटी लाँचमध्ये मांडीवर धरून ते रेवसला उतरले आणि एस.टी.नं चौलला आले. मासे वेगळ्या डब्यात. पेटी खाटेशेजारी मांडली, तळाला किनाऱ्यावरची वाळू घातली.

"हरीभाऊ, तेवढाच वेळ जाईल तुमचा."

"मासा ताटात बघायचा असतो," हरीभाऊ म्हणाले. पडल्यापासून एवढंही ते कुणाशी बोलले नव्हते.

लाल-निळे मासे लवकरच मेले. घरात जो तो येता-जाता भाताची शितं टाकायचा, पाणी नासलं. अंबिकानं ते उपसून विहिरीचं भरलं. मासा उरला एकच. अंगठ्याएवढा, मातकट, ठिपक्याठिपक्यांचा, तोंडाला मिशा. दिवसभर तळाशी वाळू हुंगत फिरायचा. मध्येच सरळ वर उसळून हवा घोटायचा, की परत तळाला. दारावर मासळी घेऊन येणाऱ्या नीराबाई कोळणीनं पाटी उतरवून पेटीत डोकावून पाहिलं.

"शिंगाल्याचं पोर हाय जनू. ह्यो चिखलातला, भाऊ. ह्यो सहजी मरायचा न्हाय."

भिंतीकडचं तोंड हळूहळू पेटीकडे वळलं. पाहता पाहता हरीभाऊंच्या ध्यानात आलं की माशाच्या मिशा आखूड होत चालल्यात. पुढे एका बाजूची तर जेमतेम खुंटी राहिली. त्यांनी अंबिकाला हाक मारली.

"अगं, ही वाळू काढायला हवी. शिंपल्यांचा चुरा आहे हिच्यात. त्याचं तोंड सोलवटतंय."

"अहो, वाडीत पाटाचं पाणी सोडलंय. संध्याकाळी बघते."

अंबिका वाडीतून परतली तेव्हा खाट रिकामी होती. हरीभाऊ मागच्या पडवीत बसले होते. भिंत धरत, पाय ओढत तिथवर गेले होते. बांधकामातून उरलेली नदीची वाळू ते पिठाच्या चाळणीनं चाळत होते. कपाळावरून घाम निथळत होता. चाळणीबद्दल एरवी ती बोलली असती. तिनं नुसता पाट आणून त्यांच्याखाली सरकवला आणि आत जाऊन चहा टाकला. चुलीपुढे तिला रडू आलं, ते तिनं पदरानं पुसलं.

मिशा पुन्हा फुटल्या. पण माशाला गांडुळं हवीत, असं बाळाजीरावांनी कळवलं होतं, आणि गांडुळं वाडीत. हरीभाऊ काठी घेऊन रोज वाडीत जाऊ लागले. ओल्या मातीत बसायचे, बारीक गांडुळं निवडायचे. बसल्या बसल्या नजर झाडांवर जायची. कुठली पोफळ वाकलीय, कुठे आळं फुटलंय, हे दिसू लागलं. चढायचं काम त्यांनी दादू नावाच्या गड्याला दिलं. पहिल्या दिवशी तो वर असेपर्यंत हरीभाऊ खाली बुंधा धरून उभे होते. पुढे त्यांनी सुपारीची रोपं करायला घेतली. ती चांगली निघाली, लोक बोर्लीहून मागायला येऊ लागले. पाय मात्र शेवटपर्यंत सरळ झाला नाही.

मासा बरीच वर्षं जगला. पासष्टच्या थंडीत एका सकाळी तो वाळूवर आडवा दिसला. हरीभाऊंनी त्याला ओंजळीत घेऊन वाडीत पुरलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

"पेटी माळ्यावर ठेवू का?" अंबिकानं विचारलं.

"नको. बाळाजीराव यायचेत ना, त्यांना तसलेच आणायला सांग. चार-पाच तरी आणा म्हणावं. हा एकटाच राहिला."

अंबिका पेटी विहिरीवर घासायला घेऊन गेली. हरीभाऊ काठी टेकत मागून वाळूचं घमेलं घेऊन निघाले.