नवीन म्हणून आणलेलं मॉड्यूल

मालेगावात वाशीम रोडवर पौर्णिमाचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. आयटीआय झाल्यावर दहा-बारा वर्षं तिनं ट्रॅक्टरच्या लाइटी अन् सेल्फ दुरुस्त केले, तेव्हा कुठं लोक तिच्याकडे कार आणायला लागले. तरी अजून एखादा गाडी लावता लावता विचारतोच, "मिस्त्री कुठं गेले?"

त्या सोमवारी केनवडचे हेमसिंग गुरुजी ट्रॅक्टरला बांधून कार घेऊन आले. चावी खिशात असली की दार उघडणारी, बटण दाबलं की सुरू होणारी गाडी. उंदरांनी वायर कुरतडल्या आणि चावी ओळखणारं मॉड्यूल जळालं. दुसरं मॉड्यूल गुरुजींनी स्वतःच आणलं होतं.

"नवीनच हाय न, गुरुजी?"

"एकदम नवीन. अकोल्याहून आणलं."

पौर्णिमानं ते बसवलं, बॅटरीला चार्जर लावला, गाडीतल्या मॉड्यूलशी बोलणारा स्कॅनर जोडला. आता मॉड्यूलला दोन्ही चाव्यांची ओळख करून द्यायची, एवढंच उरलं होतं. स्क्रीनवरची पट्टी सरकत सरकत शेवटाला आली अन् लाल अक्षरं उमटली: नोंदणी झाली नाही. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी मॉड्यूलनं स्वतःला तासभर कुलूपच लावून घेतलं.

तिनं फ्यूज पाहिले. अर्थिंगची वायर घासून पुन्हा आवळली. चाव्यांमधले सेल बदलले. तासानं पुन्हा तीन प्रयत्न, पुन्हा कुलूप. तिचा जेवणाचा डबा तसाच पडून राहिला. बाकावर बसलेले गुरुजी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते.

"शोरूमलेच न्याले पाह्यजे होती," ते म्हणाले, तिला ऐकू जाईल असं.

पौर्णिमानं स्कॅनरची पिन काढून पुन्हा घट्ट बसवली. आपल्यालाच येत नाही की काय, ही शंका तिला दुपारपासून पोखरत होती. स्कॅनर विकत घेऊन वर्ष झालं नव्हतं.

चारच्या सुमारास तिनं नव्यानं सुरुवात करायची म्हणून मॉड्यूलमधली माहिती वाचायला घेतली. सकाळीच वाचायला हवी होती ती; गुरुजींच्या शब्दावर तिनं ती पायरी सोडली होती. स्क्रीनवर चेसिस नंबर आला. तो या गाडीचा नव्हता.

"गुरुजी, हे दुसऱ्या गाडीतून काढेल हाय."

गुरुजी चावी हातात फिरवत राहिले. "भंगारवाल्याकडचं हाय. पण चालू हाय म्हणे."

"मंग सकाळी काहून नाही सांगतलं? मी दिवसभर माह्याच हाताले दोष देऊन राह्यली न!"

"सांगतलं असतं तं तू बसवलंच नसतं."

"नसतंच बसवलं! त्याच्यात जुन्या गाडीचा नंबर पक्का बसेल हाय. माह्या मशीनीनं तो निघत नाही."

तिनं मॉड्यूल काढून त्यांच्या हातात ठेवलं आणि कोरं मागवलं. ते शुक्रवारी आलं. या वेळी तिनं आधी माहिती वाचली. नंबराची जागा रिकामी होती. दोन्ही चाव्यांची नोंदणी पंधरा मिनिटांत झाली. गुरुजींनी दार तीनदा उघडून-लावून पाहिलं, गाडी सुरू केली आणि खुशीत शेजारच्या टपरीवर चहाला गेले.

"पाच दिवस लावले बाईनं," ते तिथं कोणाला तरी सांगत होते.

पौर्णिमा पक्कड खाली ठेवून टपरीवर गेली. "गुरुजी, एक दिवस तुमच्या भंगारानं खाल्ला अन् बाकीचे पार्सलनं. मले पाव तास लागला. हेबी सांगा न लोकाइले."

टपरीवरचे दोघंतिघं हसले. गुरुजी ग्लासात बघत म्हणाले, "बरं बाई, तसंच." आणि सोयाबीनच्या भावाकडे वळले.

ती परत आली. राग तसाच होता. बाहेर एक ट्रॅक्टर येऊन उभा होता, त्याचा हॉर्न थांबतच नव्हता. तिनं आधी हॉर्नची वायर उपटली.