दोन बोटं कमी

कुंडलिक मास्तरांना मोकळी भिंत दिसली की खिशातला खडू बाहेर यायचा. उभ्याने हात वर करून एक रेघ, जागच्या जागी उडी मारून दुसरी. हिंगोलीच्या एसटी स्टँडवर, लग्नघरी, एकदा तर माझ्या नव्या घराच्या ताज्या रंगावर. मधलं अंतर वितीने मोजून म्हणायचे, "दोन बोटं कमी. अजूनबी कमीच."

हे दुखणं जुनं होतं. मास्तर धनगराचे. लोकर कातरण्याआधी मेंढरं धुवावी लागतात, म्हणून लहानपणापासून एका हाताने ओली मेंढी ओढत कयाधू नदीचा डोह पार करायचे. पण पोहण्याच्या जिल्हा निवडीला गेले, तर तिथल्या साहेबांचा नियम असा, की आधी भिंतीपाशी उडी. ती दीड फूट भरली तरच पाण्यात. मास्तरांची दोन बोटं कमी भरली. "जा, मेंढरं राख," साहेब म्हणाले. मास्तर कोरड्या अंगाने गावी परतले.

पुढे ते आमच्या शाळेत खेळाचे मास्तर झाले. मी तिथला कारकून. "पवणाऱ्याचा जोर खांद्यात असतो. उड्या मोजून काय माकडं निवडून राहिले का?" असं म्हणत ते पोरांची परीक्षा डोहात घ्यायचे, ओली मेंढी देऊन. ज्याची मेंढी आधी पलीकडे, तोच पन्नास मीटरला पहिला. त्यांचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही.

हिंगोली जिल्हा झाला आणि तेच साहेब बदलून इथे आले, नियमासकट. त्यांचा मुलगा आमच्या शाळेत. मास्तरांनी त्याला जीव लावून शिकवलं. डोहात त्याला तोड नव्हती, उडी मात्र बेताची. आता उडी शाळेनेच मोजून फॉर्मवर लिहायची होती. तो भरताना मी म्हणालो, "मास्तर, लेकरू गुणी आहे. उडी वाढवून लिहू का?"

"काहून? माझी वाढवली व्हती का कुणी? तीन बोटं कमी हाय, तीनच लिवा. माझ्यापरीस एक बोट कमी!" त्यांचे डोळे चमकत होते, आणि खरं सांगतो, मलाही मजा वाटत होती. मुलगा मात्र दारात रडवेला उभा होता.

फॉर्म घेऊन आम्ही दोघे साहेबांकडे गेलो. त्यांनी वाचला आणि चेहरा उतरला.

"कुंडलिकराव, हे जरा सांभाळून लिहिता आलं असतं."

"मेंढरं राखणाऱ्याला कुठं येतं सायेब सांभाळून लिवायला? एक तर पोरगं खोडा, न्हाई तर नियम खोडा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग फॉर्मवरच्या छापील नियमावर त्यांनी आडवी रेघ मारली.

"खाली सही करा," मास्तर म्हणाले. "तारीखबी टाका."

त्या वर्षी मुलगा पहिला आला. मास्तर बक्षीस बघायला थांबले नाहीत. त्या कागदाची झेरॉक्स घेऊन शाळेत आले आणि व्यायामशाळेच्या भिंतीवर, आपल्या उडीच्या रेघेच्या बरोबर दोन बोटं वर, खळ लावून चिकटवली.

मास्तर जाऊन दोन वर्षं झाली. परवा रंगारी आला, म्हणाला, "हा कागद काढू का?" मी म्हणालो, "हात लावशील तर बघ. भोवतीनं रंग दे."