मिरच्यांत वाळत घातलेली बॅटरी

सांगू की नको, सांगू की नको, असं करता करता आज सांगूनच टाकतो. चहा घ्या आधी. कारण ऐकल्यावर तुम्ही माझ्या ओट्यावर चहा प्याल की नाही, याची मला खात्री नाही.

मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगतोय आणि लिहून घेतेय माझी सून, सुनंदा. म्हणजे खोटं बोलायची सोयच नाही! मघाशी एक वाक्य जरा माझ्या बाजूने वळवलं, तर तिने पेन खाली ठेवलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. असो.

तर ही सुनंदा ड्रोन उडवते. बायकांच्या गटाला फवारणीचं ड्रोन मिळालं, आणि गटातून हीच शिकायला गेली. गावात कमी बोलले का लोक? पारावरचे म्हणायचे, "आबा, सून विमान उडावस म्हने! तुमी मांगे बसतस का?" मी मनात म्हणायचो, थांबा रे, एक दिवस बघाल.

तो दिवस आला. तापीकाठचे जगनभाई, त्यांचा मोठा ऊस. उभ्या उसात माणूस शिरून फवारणार कसा? त्यांनी सुनंदाला बोलावलं. तिचं पहिलं मोठं काम. ते नीट झालं तर काठावरची सगळी गावं तिला बोलावणार, आणि फसलं तर पारावरचे आहेतच.

कामाला एक दिवस मधे होता. त्या संध्याकाळी तिने शेजारच्या शेतात ड्रोन उडवून बघितलं, ओट्यावर आणून ठेवलं, आणि गटाच्या बैठकीला निघाली. जाता जाता म्हणाली, "आबा, तेवढी बॅटरी काढी ठेवा. विसरू नका हं."

मी विसरलो नाही हो! देवाशप्पथ विसरलो नाही. हात पुढे केलासुद्धा. पण दिवेलागणीची वेळ. ड्रोनवर इवले इवले दिवे लागलेले, एक लाल, एक हिरवा. आता तुम्हीच सांगा, दिवेलागणीला घरातला दिवा कोण विझवतं? माझ्या आईने आयुष्यात विझवू दिला नाही. लक्ष्मी दारात आलेली असते म्हणे. त्यात हे तर सुनेचं पोट भरणारं यंत्र. म्हटलं, तेवू दे बिचारं. सकाळी काढू. उलट मी त्याच्यापुढे एक झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले.

सकाळी बघतो तर दिवे गेलेले. बटण दाबलं, काही नाही. परत दाबलं, काही नाही. बॅटरी पार उतरून गेलेली, थेंब उरला नव्हता.

सुनंदा उसाचं शेत बघायला स्कूटीवर गेलेली. घरात मी एकटा. बॅटरी काढली. वजन किती म्हणता? वर्षाच्या पोराएवढं! चार्जरला लावली, तर चार्जर टीं टीं टीं ओरडायला लागला आणि लाल डोळा दाखवायला लागला. घेईच ना.

इथे मी शहाण्यासारखा सुनेला फोन लावायला हवा होता. लावला का? नाही. लाज वाटली. एवढं एक काम सांगितलं होतं तिने.

आणि मग मला आठवले सेल.

माझ्या वयाच्या माणसांना विचारा. रेडिओचे सेल संपले की आम्ही काय करायचो? कौलावर उन्हात ठेवायचो. दिवसभर ऊन खाल्लं की संध्याकाळच्या बातम्या लागायच्या की नाही? हातातल्या बॅटरीचे, म्हणजे टॉर्चचे, सेलही तसेच. दुकानात नवे आणायला जायचं म्हणजे चार कोस, तोवर ऊनच आपला दुकानदार. म्हटलं, हीसुद्धा बॅटरीच ना? मोठी आहे, तर जरा जास्त ऊन द्यावं लागेल, एवढंच.

आमच्या अंगणात ताडपत्रीवर मिरच्या वाळत घातलेल्या. हंगामच तो. लालभडक, दाट पसरलेल्या. सगळ्यात चांगलं ऊन तिथेच. मधोमध जागा केली आणि बॅटरी निजवली. आणि नुसती ठेवून गेलो नाही हं! दर थोड्या वेळाने जाऊन पापडासारखी उलटत होतो. एवढी सेवा मी माझ्या म्हाताऱ्या बापाची केली नाही.

दुपारी बघतो तर काय, बॅटरीचं पोट जरा वर आलेलं! मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तव्यावरची भाकरी फुगली की बाईमाणूस खूश होतं ना, तसं. म्हटलं, हां, भरली! ओट्यावरून वायर ओढून तिथेच मिरच्यांत चार्जरला लावली. टीं टीं बंद. हिरवा दिवा. घेतली की!

मी भिंतीला टेकून बसलो. कौतुकाने स्वतःच्याच मिशीवर हात फिरवला. सुनेला मी कळूही देणार नव्हतो. जुनी अक्कल ती जुनी अक्कल!

(सुनंदा विचारतेय, हे असंच लिहू का. लिही बाई.)

थोड्या वेळाने आवाज आला. स्स्स्स. मला वाटलं, साप. काठी घेऊन उठलो. साप कुठला! बॅटरी पुरीसारखी टम्म. पांढरा धूर आला, मग एकदम भडका, आणि बाजूच्या मिरच्यांनी पेट घेतला.

मिरचीची फोडणी जरा जास्त झाली तर घर खोकतं. इथे पोतंभर मिरची पेटलेली! डोळे मिटले, नाक वाहायला लागलं, घशात निखारे. मी हंड्याकडे धावलो तो आंधळ्यासारखा, आणि जाऊन आपटलो शेळीवर. शेळी शिंकत होती. शेळीला शिंकताना बघितलंय कधी? मी बघितलंय.

सगळी गल्ली खोकत बाहेर आली. पहिली आली शेजारची काशी, तोंडाला पदर लावून. "माय वं! आबा, काय करी ऱ्हायनात? नजर काढी ऱ्हायनात का काय?"

आणि मी... काय सांगू... मी म्हणालो, "हो."

"कोनी?"

"ड्रोनची."

काशी खोकत खोकत म्हणाली, "अहो पन नजर काढाले पाच-सात मिरच्या लागतस! तुमी तर बठ्ठा हंगाम जाळी टाका!"

तिच्या मागून कोणी तरी म्हणालं, "आनि आबा, येवढा ठसका लागना म्हंजे नजर नव्हतीच!"

बघा आता. खोटं बोललो तेही धड नाही. नजर लागलेली असली की मिरचीचा ठसका येत नाही, हे लहान पोरालाही माहीत. आणि इथे पोस्टमन सायकल टाकून पळालेला!

मी हंडा उचलला, तेवढ्यात स्कूटीचा आवाज आला. सुनंदा! तिने गाडी तशीच आडवी सोडली.

"आबा, पानी नको! ठेवा तो हंडा! मांगे व्हा, बठ्ठे मांगे व्हा!"

ओट्यावर उडी मारून तिने आधी बोर्डाचं बटण बंद केलं, पिन उपटली. मग ओरडली, "रेती! रेतीनी बादली कथी शे?"

मी खाली बघितलं. ती बादली तिने याच्यासाठीच चार्जरजवळ ठेवलेली होती, हे मला तेव्हा कळलं. मी ती आदल्या आठवड्यात काशीला दिली होती. शेंगा भाजायला.

काशी धावली, बादली घेऊन आली. सुनंदाने लांबूनच घमेल्याने रेती टाकली, थर देत गेली, आग दबेपर्यंत. मधे मधे भाजलेल्या शेंगाही पडत होत्या.

 सुनेने बॅटरीकडे बघितलं, वायरकडे बघितलं, मग माझ्याकडे. पारावरचे दोघे येऊन उभे होते, दात काढायला तयार. मी मान खाली घातली. आता ही बोलेल, आणि बोलायलाच हवं.

तर ती म्हणाली काय? "काही नही. कधी कधी बॅटरी खराब निंघस. जा बठ्ठे आपापल्या घर."

माझी लाज झाकली पोरीने. त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, खरंच सांगतो.

गर्दी गेल्यावर मी सगळं सांगितलं. दिवा, फूल, ऊन, पापड, सगळं. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, "आबा, ही पार उतरली ना, की आतून बिघडते. मग तिला चार्ज करायचंच नसतं. ऊन नाही, वायर नाही. उचलून घरापासून लांब, रेतीत ठेवायची आणि मला सांगायचं. आणि फुगली म्हणजे भरली नव्हे, आबा. फुगली म्हणजे ती आता जाळणार."

"आनि मी तिन्हाजवळ भितडाले टेकी बठेल व्हतू," मी म्हणालो.

"तेच ना!" ती म्हणाली. "मिरच्या जाऊ द्या. तुम्हाला काही झालं असतं तर?"

दुसऱ्या दिवशी गटाच्या चार बॅटऱ्यांचं काम तीनवर आलं. जगनभाईंना तिने फोनवर खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "उशीर होऊ दे बेन, पण घाई करू नको." एक बॅटरी उडते, एक निवते, एक भरते, असं करत करत ऊस फवारून झाला तेव्हा सूर्य टेकला होता. मीही गेलो होतो. मला बांधावर बसवलं होतं, दोन्ही हात मांडीवर ठेवून. हात उचलला की ती लांबून बघायची.

काम चांगलं झालं. तिला पुढची बोलावणी आली, पारावरचे गप्प झाले. आणि तिने घरी बॅटऱ्यांसाठी वेगळी पत्र्याची खोपी केली.

खोपीच्या भिंतीवर तिने रंगाने चित्रं काढली. गटातल्या निम्म्या बायांना वाचता येत नाही, म्हणून. बॅटरीजवळ काय काय नको, त्याची चित्रं, प्रत्येकावर मोठी लाल फुली. पहिला सूर्य. मला कळलं. दुसरी आग. कळलं. तिसरा पाण्याचा हंडा. तोही कळला.

चौथ्या चित्राशी मी बराच वेळ उभा राहिलो. जवळ गेलो, लांब गेलो. मग काशीला हाक मारून विचारलं, हे काय गं?

काशी पदरात तोंड लपवून हसायला लागली.

मला अक्षर ओळखू येत नाही. पण टोपी आणि मिशी माझी आहे, एवढं ओळखू आलं.