कासुर्डीच्या डोंगरावरचे उभे

आमच्या डोंगरावर ‘उभे’ दिसायचे. काळे, ताडमाड, मुंडकं नसलेले. दिवस मावळताना वर कड्याला नुसते उभे राहायचे. दिसले की मान खाली घालून घर गाठायचं. आम्ही धनगर, मेंढरं विकून ऊस लावला, घरात रंगीत टीव्ही आला, पण उभ्यांची भीती काही गेली नाही.

मी नववीत होते. आबा, म्हणजे माझे आजोबा, आमची शेवटची उरलेली गाभण मेंढी घेऊन दुपारीच वर गेलेले. दिवस कलला तरी पत्ता नाही. तेवढ्यात आरोळी उठली, “उभे दिसले! दोन हायेत!” सगळी आळी अंगणात! वडिलांना, म्हणजे आप्पांना, मी गदागदा हलवलं, “आबा वर हायेत, चला की!”

ते आपले शांत. “येत्याल. तू जाऊ नगंस.”

असा संताप आला! स्वतःचा बाप वर आणि हे ढिम्म! दारातली काठी उचलली नि सुटलेच. मागून चुलती ओरडतेय, “अगं भवाने, माघारी फीर!” पण ऐकेन ती मी कसली!

वर दोघंही वाऱ्यावर हलत होते. बिरोबाचं नाव घेऊन डोळे मिटले आणि एकाला काठी हाणली. फदकन खाली! बघते तर घोंगडी! जमिनीत रोवलेल्या काठीवर नुसती घोंगडी पांघरलेली.

“अगं, पाडू नगंस!” खडकाआड आबा बसलेले. मेंढी व्याली होती, ओलं कोकरू त्यांच्या मांडीवर. “वासानं लांडगा येतो. एकल्या म्हाताऱ्याला भितोय व्हय त्यो? तीन माणसं दिसाया पायजेत.”

म्हणजे आमच्याच माणसांच्या घोंगड्या, आणि आम्हीच भीत होतो! मी रडले, हसले, आबांच्या गळ्यातच पडले.

“खाली बोलू नगंस,” ते म्हणाले. “भ्यानं कुणी वर येत न्हाई, म्हणून चारा टिकतोय.”

खाली उतरले तर सगळ्यांनी गराडा घातला. “दिसले का गं?”

“दिसले! डोकं न्हाई, आन् हात हे एवढे!” दिली ठोकून. बायकांनी पदर तोंडाला लावले. मला तर उकळ्या फुटत होत्या.

आप्पा हळूच जवळ आले. कानाशी वाकून म्हणाले, “नर का मादी?”

“तुमास्नी कोकराचं कसं कळलं?” मी पुटपुटले.

“पेटीतल्या दोन घोंगड्या दुपारीच गेल्या, तवाच समजलं. बारकेपणी काठ्या रोवाया मीच जायचो.”

“मादी हाय,” मी म्हणाले.

मेंढरं विकली त्या दिवसापासून आप्पांनी डोंगराकडं मान वर करून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

“मग ही न्हाई विकायची,” म्हणाले.