यंदाचा लाल टॅग कुणाला?

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. घरात जुने चार्जर साठतात तसे ते साठतात. कुठला कशाचा ते आठवत नाही, पण टाकवतही नाही. आमच्याकडे दर डिसेंबरात त्यात भर पडते, कारण महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी आम्ही चौघं दिघीला तुषारच्या घरी बसतो आणि वर्षातला सर्वांत चांगला आणि सर्वांत निराश करणारा व्हिडिओ गेम निवडतो. हे काम आम्हाला कुणी दिलेलं नाही. निकाल कुणी विचारत नाही. तरी भांडणं अशी होतात की शेजाऱ्यांना वाटतं, तुषारच्या घरात जमिनीची वाटणी चाललीय!

गुरुवार एवढ्यासाठी की माझी सुट्टी गुरुवारची. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याचा मला पगार मिळतो. बालाजी त्याच कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो, मूळचा परभणीकडचा. तुषार दिघीचा जुना गावकरी. भोसरीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे, तेही गुरुवारी बंद. चौथा संदेश. तो आधी आमच्याच कंपनीत होता, सकाळची कंपनीची बस हमखास चुकवायचा, मग सॉफ्टवेअर शिकून तळवड्याच्या आयटी पार्कात गेला. गुरुवारी त्याचं वर्क फ्रॉम होम असतं. होम कुणाचं, हे त्याच्या कंपनीने अजून विचारलेलं नाही.

यंदा मात्र घोळ झाला. संदेशने स्वतःच एक गेम बनवून बाजारात आणला. नोकरी सांभाळून, सुट्ट्या घालवून, केस घालवून बनवला. आणि तो फारसा कुणी घेतला नाही. त्याच्या बायकोने, पल्लवीने, त्याला डिसेंबरपर्यंतची मुदत दिली होती. गेम जमला असेल तर दुसरा कर, नाहीतर हा नाद सोड आणि ऑफिसात मिळतेय ती मोठी पोस्ट घे. जमला की नाही हे ठरवायचं काम संदेशने आमच्यावर टाकलं.

"तुमचा लाल टॅग लागला तर मी थांबतो," तो म्हणाला. "मैत्री मध्ये आणायची नाही."

ज्या निकालाला इतकी वर्षं काडीची किंमत नव्हती, त्यावर एकदम एका माणसाचं स्वप्न येऊन बसलं. आम्हाला अजिबात सवय नव्हती राव!

*

लाल टॅगची पद्धत मी आणली. आमच्या कंपनीत पार्ट खराब निघाला की त्याला लाल टॅग बांधतात, त्यावर कारण लिहितात, सही करतात. एकदा टॅग लागला की तो पार्ट परत लाइनवर जात नाही. निराश करणाऱ्या गेमलाही आम्ही तोच न्याय लावला. फक्त गेम डाउनलोड केलेला, त्याला टॅग बांधणार कुठे? पहिल्या वर्षी तो आम्ही तुषारच्या कंट्रोलरच्या वायरला बांधला.

तुषारचे चुलते जन्मभर एका कंपनीत मेंटेनन्सला होते. रिटायर झाले तरी हात गप्प बसत नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पंखा दुरुस्त करायला खोलीत आले. वायरला लाल टॅग दिसला. त्यांनी खिशातून पक्कड काढली आणि वायर कापून टाकली.

तुषार बोंबलत आला. चुलते शांतपणे म्हणाले, "रिजेक्ट लिवलंय, खाली सही हाय. आजून काय पायजे?"

सही माझी होती. नवीन कंट्रोलर मी आणून दिला, बिनवायरचा.

*

बालाजी आठवडाभर फोर्कलिफ्टवर माल वाहतो आणि सुट्टीच्या दिवशी आराम म्हणून ट्रक चालवायचा गेम खेळतो. त्यातही माल वाहायचाच असतो. रिव्हर्स घेताना तो तोंडाने "पीं पीं पीं" असा आवाज काढतो, कारण गेममध्ये रिव्हर्सचा हॉर्न नाही आणि बालाजीचं सेफ्टी ट्रेनिंग झालेलं आहे.

एका वर्षी त्याने हाच गेम सर्वांत चांगला म्हणून पुढे केला. संदेश हसला. म्हणाला, "अरे भावा, त्यात गोष्ट नाही, मारामारी नाही, काहीच होत नाही. नुसता रस्ता! काय बघितलंस त्यात?"

बालाजी म्हणाला, "अख्खा युरोप पालथा घातलो. एकदा बी चाकण चौकावानी जाम लागला नाय."

पुढे चर्चा झालीच नाही. चारही हात वर गेले.

*

तुषारचं उलट. त्याला शहर वसवायचा गेम दिला होता. रस्ते काढायचे, इमारती बांधायच्या, लोकांना राहायला बोलवायचं. लाखो लोक आवडीने खेळतात. तुषारच्या नकाशात मधोमध एक शेत होतं आणि शेतात एक घर. गेम सांगत होता, इथून रस्ता काढा.

तुषारने रस्ता शेताला वळसा घालून नेला. पाण्याची लाइन वळसा घालून नेली. शाळा, दवाखाना, बसस्टँड, सगळं वळसा घालून. शेवटी शहराचा आकार जिलबीसारखा झाला आणि लोक वैतागून गाव सोडून गेले. ते घर आणि शेत तेवढं शाबूत राहिलं.

डिसेंबरात त्याने लाल टॅग मागून घेतला. कारण विचारलं तर असा भडकला की चहाचा कप खाली ठेवायचं विसरला.

"बटन दाबलं की घर पाडतंय! नोटीस न्हाई, मोजणी न्हाई, मालकाला इचारणं न्हाई. ह्यो काय गेम हाय व्हय?"

जमिनीच्या मोजण्या आणि नोटिसा बघत दिघीत लहानाचा मोठा झालेल्या माणसापुढे यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी टॅग भरला. कारणाच्या जागी 'हरकत' असं लिहिलं.

*

माझ्यावर आरोप असा की मला गेम खेळताच येत नाही, मी फक्त तपासतो. हे खोटं आहे. मी दोन्ही करतो.

गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम आला होता. सगळीकडे नुसतं कौतुक. मी गाडी निवडली, पण शर्यत सुरू केली नाही. तिला गोल गोल फिरवून पाहिलं. डाव्या दरवाज्याची फट उजव्यापेक्षा जास्त होती! बाकीचे तिघे ओरडत होते, "अरे, चालव आता!" मग चालवली आणि मुद्दाम भिंतीवर घातली. गाडी चेंडूसारखी मागे आली. बंपरला साधा ओरखडा नाही!

मी म्हणालो, "असं मटेरियल खरंच मिळायला लागलं तर आमच्या डिपार्टमेंटला कुलूप लागेल. बायकोला काय सांगू?"

त्या वर्षीचा लाल टॅग मी एकट्याच्या जोरावर लावला. बाकीच्यांना जेवायचं होतं म्हणून ते हो म्हणाले.

*

जेवणावरून आठवलं. चौघं असल्यामुळे कधीकधी मतं दोन-दोन पडतात. अशा वेळी तुषारच्या आईला बोलावतो. आम्ही त्यांना काकू म्हणतो. काकूंना गेममधलं काही कळत नाही, आणि त्याची त्यांना खंतही नाही.

एकदा सर्वांत चांगल्या गेमवरून असं अडलं की तुषार आणि संदेश एकमेकांशी बोलेनात. दोघांचे दोन गेम. काकू पदराला हात पुसत वर आल्या, दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"त्या दिवाळीच्या टायमाला मी एक हाक मारली आन् तुमी चौघंबी पळत जेवाय आला व्हता. तवा कंचा गेम चालू व्हता?"

आम्ही आठवून पाहिलं. तो तिसराच गेम होता. दर पाच मिनिटांनी बंद पडायचा, म्हणून आम्ही कंटाळून उठलो होतो. त्याला लाल टॅग लागणार हे जवळपास नक्की होतं.

"त्योच चांगला," काकू म्हणाल्या आणि खाली गेल्या. बंद पडणारा गेम त्या वर्षीचा विजेता ठरला. बनवणाऱ्यांना हे कळलं असतं तर ते रडले असते.

*

आता यंदाचं. संदेशच्या गेममध्ये आपण कंपनीच्या बसचे ड्रायव्हर असतो. सकाळची पहिली शिफ्ट. संत तुकाराम नगरहून निघायचं, नाशिक फाटा, भोसरी, मोशी असं करत सगळ्यांना घ्यायचं आणि शिफ्ट सुरू व्हायच्या आत चाकणला कंपनीच्या गेटवर पोहोचायचं. कल्पना आम्हाला ऐकूनच आवडली होती. आपलाच रस्ता, आपलीच बस!

गेम आला आणि महिनाभर आम्ही तिघं संदेशला टाळत राहिलो. त्याने बालाजीला गाठून विचारलं, कसा वाटला? बालाजी म्हणाला, "बसचा रंग लई भारी दिलास." तुषारला फोन केला, तर तुषार म्हणाला, "आवाज बंद करून खेळलो. निवांत वाटलं." मला मेसेज आला. मी अंगठा पाठवला.

एवढ्यावरून कुठल्याही माणसाला कळलं असतं. संदेशलाही कळलं. तो पुन्हा विचारायचा थांबला, आणि ते आम्हाला जास्त लागलं.

शेवटचा गुरुवार आला. या वेळी पल्लवीही आली होती. "निकाल मला समोरच ऐकायचाय," ती म्हणाली. पर्स मांडीवर घेऊन बसली. चहा नको म्हणाली. काकूही दारात येऊन उभ्या राहिल्या.

संदेश म्हणाला, "तुषार, तू आधी. खरं सांग."

तुषार जमिनीकडे बघत म्हणाला, "खरं सांगू का भावा? मी पयल्या स्टॉपच्या म्होरं गेलोच न्हाई."

"का?"

"त्यो माणूस येतूय ना लांबनं पळत, डबा घेऊन? त्याच्यासाठी थांबलो की टाइम संपतुया. मग परत पयल्यापासनं."

बालाजीने मान वर केली. "माझं बी तेच की! रोज थांबायलो, रोज उशीर व्हायलाय."

आता माझी पाळी. मी म्हणालो, "माझ्या तपासणीप्रमाणे बसचं घड्याळ पुढे आहे. डिफेक्ट आहे तो. दुरुस्त होईपर्यंत मी पुढे गेलो नाही."

"डिफेक्ट नाही रे!" संदेश ओरडला. "त्याला सोडून निघायचं असतं!"

बालाजी पुढे सरकला.

"सोडून?" बालाजी म्हणाला. "माणूस पळत यायलाय, हातात डबा हाय, आरशात दिसायलाय. आन् त्याला सोडून जायचं?"

"शिफ्टची वेळ झालेली असते, बालाजी!"

"मग काय झालं? ड्रायव्हर हाय का कसाई?"

दारातून काकू म्हणाल्या, "बरोबर हाय त्याचं."

संदेश खाली बसला. त्याने विचारलं, "म्हणजे नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत मी जे काही केलं, ते तुम्ही कुणीच बघितलं नाही?"

नव्हतं बघितलं. मला फार वाईट वाटलं. माणसाने पंगत मांडावी आणि पाहुण्यांनी दारात चपला काढताकाढताच परत फिरावं, तसं झालं होतं. त्याला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

त्याने माझ्या हातातला लाल टॅग घेतला, पेन घेतलं आणि कारणाच्या जागी स्वतःच लिहिलं, 'पहिल्या स्टॉपच्या पुढे कुणीही गेलं नाही.' खाली सही केली.

"ठरलं," तो म्हणाला. "सोमवारी ऑफिसात सांगतो, ती पोस्ट घेतो म्हणून."

आम्ही तिघं पल्लवीकडे बघायचं टाळत होतो. तिने पुढे होऊन टॅग त्याच्या हातून घेतला, नीट वाचला, घडी केली आणि पर्समध्ये टाकून पर्स बंद केली.

"मोशीला तो कुत्रा बसमध्ये चढतो आणि सरळ ड्रायव्हरच्या मागची सीट पकडतो," ती म्हणाली, "ते मला आवडलं. पुढे हायवेवरचं धुकंही छान झालंय. गेटवरचा वॉचमन मात्र जरा कमी हसरा कर. पुढच्या गेममध्ये तरी."

संदेश ताडकन उठला. "तू खेळलीस? गेटपर्यंत?"

"दोनदा."

तुषारला राहवेना. "वैनी, आन् त्यो डबा घिऊन पळणारा? त्याला सोडला तुमी?"

"सोडला की," पल्लवी म्हणाली, आणि संदेशकडे वळली. "पुढच्या स्टॉपला रिक्षाने येतोस ना तू!"