हिरव्या पायांचा हंस

माझी फजिती मीच सांगितलेली बरी. निपाणीत ती डोळ्यांनी बघितलेली पाच-सहा माणसं अजून धडधाकट आहेत, आणि त्यांच्या तोंडून ऐकाल तर मी आणखी मोठा गाढव ठरेन. तेव्हा चहा निवायच्या आत उरकून टाकतो.

मी तेव्हा आमच्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. तात्पुरता. म्हणजे जूनमध्ये घ्यायचे, एप्रिलमध्ये सोडायचे, आणि मे महिनाभर मी भिंतीकडं बघत बसायचं. अशी सहा वर्षं गेली. लग्न कायमचं झालं होतं, नोकरी मात्र तात्पुरती. सासरे सदलग्याचे. दर दिवाळीला फराळाचं ताट पुढं सरकवताना विचारायचे, "काय जावई, झालासा का कायम?" त्यानंतर चकलीला चव काय राहणार, तुम्हीच सांगा.

कायम करणं एकाच माणसाच्या हातात होतं. संस्थेचे चेअरमन आप्पासाहेब. तंबाखूचे मोठे व्यापारी. माझी आई हयातभर त्यांच्याच वखारीत तंबाखू चाळत बसली. खोकत खोकत तिनं मला कोल्हापूरला ड्रॉइंगच्या परीक्षेला धाडलं, आणि मी पास झालो तेव्हा वखारीतल्या बायांना सांगत सुटली, "आमच्या यशवंताला रंगातलं समदं कळतंय." हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा. मला ते आजही विसरता येत नाही.

टीव्ही तेव्हा आमच्याकडं नवानवा आला होता. आप्पांच्या घरी होता, आणि तोही कलर. माडीवर अँटेना, फिरवता येणारा. बेळगावचा साहेब जेवायला आला की अँटेनाचं तोंड बेळगावकडं. सीमालढ्याची मंडळी आली की कोल्हापूरकडं. कुठंही फिरवा, दिसायची दिल्लीच. पण आपल्यासाठी फिरवला म्हणून पाहुणा खूश व्हायचा आणि आप्पांचं काम व्हायचं.

रविवारी सकाळी एक मालिका लागायची. अर्धी गल्ली आप्पांच्या सोप्यात जाजमावर. मालिकेच्या आधी, ती काढणाऱ्या कंपनीची खूण यायची. एक हंस. अंधारातून वर यायचा, पंख उघडायचा, मान वळवायचा, खाली कंपनीचं नाव उमटायचं आणि खलास. सगळं मिळून सात-आठ सेकंद. त्या सात-आठ सेकंदांनी माझं आयुष्य फिरवलं.

झालं असं, की त्या कंपनीला तंबाखूच्या गावावर नवी मालिका काढायची होती आणि मुंबईहून त्यांचा मॅनेजर जागा बघायला येणार होता. आप्पांना आपली वखार टीव्हीवर दिसायला हवी होती. मला बोलावणं आलं. आप्पा चारचौघांत मला 'तुम्ही' म्हणत, वखारीत 'तू'.

"मास्तर, शाळंच्या दारात कमान उभी कर. तिच्यावर त्यांचा हंस काढ, दोन पुरुष उंच. मानूस गाडीतनं उतरला की गार पडला पायजे. जमलं तर जूनला तुझी कायमची ऑर्डर."

"आणि न्हाय जमलं तर?"

"तर एप्रिल हायच की."

मी कामाला लागलो. पण सात सेकंदांत अख्खा हंस वहीत कसा उतरवणार? मग ठरवलं, हप्त्याहप्त्यानं काढायचा. पहिल्या रविवारी डोकं. दुसऱ्या रविवारी पंख. तिसऱ्या रविवारी लाइट गेली. चौथ्या रविवारी पाय. मांडीवर वही, कानावर पेन्सिल, आणि हंस आला की मी ओरडायचो, "कुणी हलू नका." लोक बिचारे श्वास धरून बसायचे.

बारकाईनं बघितलं तर हंसाला डोकी दोन होती. एक ठळक आणि त्याला चिकटून उजवीकडं दुसरं, जरा फिकट. माना दोन, चोची दोन. आता बातम्या देणाऱ्या बाईंनाही आप्पांच्या टीव्हीवर दोन नाकं दिसायची, पण ते काही माझ्या डोक्यात आलं नाही. मी म्हटलं, जोडी असणार. नर-मादी.

आणि रंग? डोकं निळं, पोट तांबूस भगवं, पाय हिरवेगार. तुम्ही म्हणाल, शंका आली नाही का? कशी येणार? क्रिकेटचं मैदान त्याच टीव्हीवर हिरवं दिसायचं, वरचं आभाळ निळं. आणखी काय पुरावा पाहिजे? बाईंचे केस निळे दिसायचे ती दिल्लीची फॅशन. मंत्री भाषणाला उभा राहिला की कमरेखाली हिरवा, पण मंत्र्यांचं काय खरं असतं म्हणून ते मी सोडून दिलं.

नववीच्या वर्गात तर मी यावर तासभर व्याख्यान दिलं. निळं म्हणजे आकाश, भगवं म्हणजे अग्नी, हिरवं म्हणजे पृथ्वी. कंपनीच्या चित्रकाराच्या मनात हे कुठं होतं देव जाणे, पण माझ्या मनात होतं.

घरी अंगणात बारदानावर कापड ताणून रंगवायला बसलो. बायको सुमन डबे धरून उभी.

"अवो, हंस पांढरा असतोय न्हवं?"

"गावठी कल्पना," मी म्हणालो. "ही आधुनिक चित्रकला हाय. तुला रंगातलं काय कळतंय?"

तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि गुपचूप हिरवा रंग घोटून दिला. मला वाटलं, नवऱ्याचं कौतुक वाटतंय.

रविवार उजाडला. शाळेचा शिपाई शिवाप्पा आणि मी मिळून कमानीवरचं फडकं काढलं आणि गर्दीत चुळबुळ सुरू झाली. पहिले पुढं आले दौलूअण्णा, सीमालढ्यात दोनदा तुरुंगात जाऊन आलेले.

"ह्ये गंडभेरुंड कुनी लावलं रं शाळंवर?"

मी मान वर करून बघितलं. दोन डोक्यांचा पक्षी. कर्नाटक सरकारच्या प्रत्येक कागदाच्या माथ्यावर बसलेला. महिनाभर मी तो रंगवत होतो आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"अण्णा, हंस हाय त्यो. पोट बघा, भगवं हाय."

अण्णांनी पोट बघितलं आणि जरा निवळले. तोवर तालुका ऑफिसातले एक कानडी साहेब आले. दोन डोकी बघून त्यांचा चेहरा फुलला. "चलो आगेत्री, मास्तर," म्हणजे झकास झालंय, म्हणाले. ते ऐकून अण्णा पुन्हा तापले. साहेबांना मग पोट दिसलं, ते तापले. खांद्यावर हिरवा टॉवेल टाकलेले एक शेतकरी पुढारी विचारायला लागले, आमचं हिरवं पायात का घातलंस म्हणून. मी प्रत्येकाला त्याचा त्याचा अवयव दाखवत होतो.

शेवटी दौलूअण्णा म्हणाले, "आनि निळं बरं समद्यांच्या डोक्यावर ठेवलंस. कांबळे मास्तर, ते का ते आमास्नी कळत न्हाय व्हय?"

इथं मात्र माझं डोकं फिरलं. सहा वर्षं मी शाळेच्या भिंतीवर सगळ्यांचे देव रंगवले, तेव्हा कुणी माझं आडनाव काढलं नव्हतं. मी खुर्चीवर चढलो आणि गरजलो, "ह्यात एक रंग माझ्या पदरचा न्हाय. आप्पासाहेबांच्या टीव्हीवर दिसतंय तेच काढलंय. ज्याला शंका हाय त्यानं आप्पांच्या टीव्हीवर शंका घ्यावी."

सगळे एकदम चिडीचूप. मी म्हटलं, बघा, सत्याचं वजन. खरं तर लोक एकमेकांकडं बघून ओठ दाबत होते. पण मी खुर्चीवर होतो, उंचावरून बारकं दिसत नाही.

तेवढ्यात गाडी आली. मॅनेजर उतरला. पोरगेलासा, सभ्य माणूस. कमानीकडं बघतच राहिला. आप्पा खूश. गार पडलाच की.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "हे कुठल्या संस्थेचं चिन्ह?"

"असं काय करता?" आप्पा म्हणाले. "तुमचंच की."

"आमचं?" त्यानं खिशातून एक कार्ड काढलं. त्यावर छोटासा हंस. एका डोक्याचा. "आमचा हंस पांढरा आहे हो. आणि एकटाच आहे."

आता कुठल्याही शहाण्या माणसानं इथं काय केलं असतं? हात जोडले असते. मी काय केलं? मी खुर्चीवरून उतरलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ज्या कंपनीचा हंस तिच्याच मॅनेजरला समजावून सांगितलं, "साहेब, तुमच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही असंल. वाईट वाटून घेऊ नका. आप्पासाहेबांकडं कलर हाय. चला, दाखवतो."

आप्पा एकदम म्हणाले, "राहू द्या मास्तर, चहाची येळ झाली."

"न्हाय आप्पासाहेब," मी म्हणालो. "तुमच्या टीव्हीचा अपमान मी सहन करणार न्हाय."

आणि अख्खी वरात मी आप्पांच्या घरी नेली. पुढं मी, मागं मॅनेजर, त्यामागं मराठी, कानडी आणि हिरवा टॉवेल. मालिकेची वेळ झालीच होती. टीव्ही लावला. अंधारातून हंस वर आला. डोकं निळं, पोट भगवं, पाय हिरवे.

"बघा," मी म्हणालो.

मॅनेजर टीव्हीजवळ गेला. वाकून बघितलं. मग आप्पांना विचारलं, "जरा हात लावू?" आणि नखानं काचेचा कोपरा उचलला. चिकटपट्टी चर्र करून निघाली आणि काचेवरून एक प्लॅस्टिकचा कागद सुटून आला. वर निळा, मधे तांबूस, खाली हिरवा. मागं मालिकेतली सासू काळी-पांढरी होऊन रडत होती.

"हे बाजारात मिळतं," मॅनेजर हळूच म्हणाला. "माझ्या मावशीकडंही आहे. आणि दुसरं डोकं म्हणजे सावली. लहर डोंगरावर आपटून उशिरा येते, त्याची."

सोप्यात कुणाला धक्का म्हणून बसला नाही. मी शिवाप्पाकडं बघितलं.

"मीच चिकटवलोय की, दसऱ्याला," शिवाप्पा म्हणाला. "समद्यास्नी ठावं हाय, मास्तर."

सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पांचा टीव्ही म्हणून गावानं तो कलर मानला होता, बस्स. खरोखर कलर आहे असं समजणारा गावात एकच माणूस निघाला आणि तो ड्रॉइंग मास्तर होता. आधी दौलूअण्णा हसले, मग तालुक्याचे साहेब हसले, मग दोघं एकमेकांना टाळी देऊन हसले. सीमाभागात मराठी-कानडी एकी बघायची माझी फार इच्छा होती. ती अशी पुरी झाली.

घरी आल्यावर सुमनवर मी भडकलो. "तुला ठाऊक होतं तर बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं, तुमी आप्पांचा मान राखताय," ती म्हणाली. "कायम व्हायला. म्हटलं, धनी कधी न्हाय ते शहाणं झाल्यात, कशाला आडवं जावा."

मॅनेजर गेला. शूटिंग पुढं दुसऱ्याच कुठल्या गावात झालं म्हणे. आठवड्यानं आप्पांनी मला वखारीत बोलावलं. तो गुंडाळलेला कागद टेबलावर होता.

"बस. एकच इचारतो. गाव म्हनतंय, तू माझी थट्टा केलीस. माझ्या टीव्हीवरचा कागद दोन पुरुष उंच करून शाळंवर टांगलास. खरं हाय का? का तुला खरंच ठावं नव्हतं?"

बघा कशी कोंडी झाली. थट्टा केली म्हणावं तर नोकरी गेली. ठाऊक नव्हतं म्हणावं तर ड्रॉइंग मास्तर म्हणून मी संपलो. मागं बाया तंबाखू चाळत होत्या, आईची जागा तिथंच होती, खांबाजवळ. "आमच्या यशवंताला रंगातलं समदं कळतंय." मला खरंच लाज वाटली.

"न्हाय आप्पासाहेब," मी म्हणालो. "मला वाटलं, कलरच हाय."

आप्पांनी तो कागद उचलून खणात टाकला. मग म्हणाले, "इतक्या वर्सांत माझ्या तोंडावर खरं बोललेला तूच पहिला. जा, शब्द दिलाय तर पाळतो."

जूनमध्ये ऑर्डर आली. मी सुमनला वाचायला दिली, म्हटलं तुझ्या तोंडून ऐकायची आहे. तिनं वाचली. सेवेत कायम. मग थांबली आणि पुन्हा वाचली. पदाच्या पुढं लिहिलं होतं, शारीरिक शिक्षण.

मी धावत आप्पांकडं. माझी छाती बघता? तेव्हा याच्या निम्मी होती.

"आप्पासाहेब, पी. टी. मास्तर?"

"मग काय करू?" आप्पा म्हणाले. "खरं बोलनाऱ्याला काढू कसा? आनि ज्याला रंगच कळत न्हाय त्याला ड्रॉइंगला ठेवू कसा?"

तिथून रिटायर होईपर्यंत मी पोरांना लेझीम आणि कबड्डी शिकवली. सासऱ्यांनी त्या दिवाळीला काही विचारलं नाही, नुसती चकली वाढली. पण शाळेतला तो पहिला दिवस अजून आठवतो. शिवाप्पानं स्टोअरमधून शिट्टी आणून माझ्या हातावर ठेवली, दोन पावलं गेला आणि परत आला.

"मास्तर," तो अगदी आदरानं म्हणाला, "शिट्टी काळी हाय. आपलं सांगून ठेवलेलं बरं."