आई, दिवे लागले

मागच्याच्या मागच्या शनिवारी संध्याकाळी मला खरं तर फक्त आडवं व्हायचं होतं. आठवडाभर ऑफिस, कॅब, ट्रॅफिक आणि ही घसा खवखवणारी हवा... अंगात त्राण म्हणून नव्हतं. पण नोएडात आमच्या सेक्टरमागच्या पार्कात कसलंसं लाइट इन्स्टॉलेशन लागलं होतं आणि माझ्या लेकीने, सईने, त्यासाठी माझं डोकं खाल्लं होतं.

"आजीला पण नेऊया ना, यार. परत चालली आहे ती." हे मात्र पटलं.

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आईच म्हणते. सासरे गेले आणि माझा नवरा मिलिंद त्यांना मिरजेहून इकडे घेऊन आला. पण आल्यापासून एकच पालुपद... मला माझ्या घरी जाऊ द्या, राहीन मी एकटी, काही होत नाही मला. शेवटी मिलिंदने हात टेकले आणि बुधवारचं तिकीट काढलं.

खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं होतं. मी पार मेटाकुटीला आले होते हो. आई दाराच्या चौकटीला धडकायच्या, चहाचा भरलेला कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवायच्या आणि वर म्हणायच्या, "काही दिसत नाही बाई तुमच्या दिल्लीत, सगळं मेलं धुरकट."

त्यावर मी म्हणायचे, आई, सगळ्यांनाच धुरकट दिसतंय, इथली हवाच तशी आहे. आता समोरची बिल्डिंग सकाळी मलाही दिसत नव्हती... विषय तिथेच संपायचा.

आणखी एक. संध्याकाळी घरात दिवा लागला की हात जोडायचे, ही आईंची जन्माची सवय. मिरजेला ट्यूबलाइटचं बटण खट् वाजलं की हातातली भाजी बाजूला ठेवून त्या हात जोडणारच. नोएडाला आल्यावर ते बंद झालं. आमच्याकडे सगळे सेन्सरचे दिवे... माणसाची चाहूल लागली की आपोआप, हळूहळू लागतात. मिलिंद चिडवायचा, "आई दिल्लीत येऊन मॉडर्न झाली बरं का!" आई नुसत्या हसायच्या.

तर पार्क. मफलर, मास्क, भुट्ट्याचा धूर आणि ही गर्दी. झाडाझाडांवर बारीक बारीक दिवे टांगलेले, स्पीकरवर नदीचा आवाज चाललेला. मग तो आवाज थांबला आणि तिथली वॉलंटियर मुलगी म्हणाली, "अब बिल्कुल चुप, प्लीज."

आणि एकेक झाड उजळत गेलं. आवाज नाही, काही नाही... नुसते काजवे काजवे. काय सांगू, मिनिटभर मी माझं दुखणारं अंगसुद्धा विसरले. सगळी गर्दी माना वर करून गप्प उभी होती.

सहज आईंकडे बघितलं. म्हटलं, एवढे दिवे लागलेत, आज तरी हात जोडतील. त्यांचे दोन्ही हात पर्सवर तसेच... मान सरळ समोर.

"काय गं," त्या हळूच म्हणाल्या, "कधी सुरू करणारेत?"

मी म्हटलं, आई, दिवे लागले. "हो का? हो हो... छानच आहेत," असं म्हणत त्यांनी झटकन हात जोडले. समोर जनरेटरची गाडी होती. तिला.

मग टाळकं चालायला लागलं. खट्. त्या बटणाच्या आवाजाला हात जोडत होत्या... दिव्याला नाही. आमच्या दिव्यांना आवाजच नाही.

आई, दिसत नाही का तुम्हाला, असं विचारलं तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "मिलिंदला बोलू नकोस हं. मग तो मला जाऊ द्यायचा नाही. तिकडे मला दिसायची गरज नाही गं... तिथलं सगळं हाताला पाठ आहे."

खरं सांगते, एक क्षण वाटलं, बसावं गप्प. बुधवारपर्यंतचा तर प्रश्न. त्यांनाही जायचंय, मलाही झोप हवीय... पण त्या बारीकशा हाताने मनगट असं धरलं होतं की मला रडूच फुटलं.

घरी आल्या आल्या मिलिंदला सांगितलं. आई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलं ते गेलं, पण समोरचं थोडं उरलंय, ते रोज थेंब घालून टिकवता येईल. असंच चाललं असतं तर तेही गेलं असतं. तिकीट कॅन्सल केलं. उन्हाळ्यात मी स्वतः मिरजेला घेऊन जाईन, असं कबूल केलं, तेव्हा कुठे बाईसाहेबांनी माझ्या हातचा चहा घेतला.

मी काही फार थोर वगैरे झालेले नाही. दमलेली होते, आता थेंबांची ड्यूटी लागल्यावर आणखी दमलेय. चिडचिड होते, रोज होते.

पण संध्याकाळी दार उघडते तेव्हा आई हॉलमध्ये बसलेल्या असतात... अंधारात. माणूस हलला नाही की तो सेन्सर दिवे घालवून टाकतो. मी आत पाऊल टाकते, दिवे लागतात. मग मी मोठ्याने सांगते, आई, दिवे लागले.

त्या लगेच हात जोडतात... माझ्या आवाजाच्या दिशेने. दिवा खरं तर त्यांच्या मागच्या भिंतीवर आहे. मी सांगत नाही. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, पायात गोळे, तशीच दारात उभी राहते आणि तो नमस्कार गुपचूप घेते.